‘लो व्होल्टेज’चा कोड सारखा येतोय? बॅटरी बदलण्याआधी एक बल्ब लावून बघा

तक्रार नेहमीची असते. साइटवरचं मशीन, एक्सकॅव्हेटर असो की काँक्रीट मिक्सर, चालता चालता दणका खाऊन बंद पडतं. चावी बंद करून परत फिरवली की काही झालंच नाही असं चालू होतं. डिस्प्लेवर व्होल्टेज कमी असल्याचा कोड दिसतो. कोणी बॅटऱ्या बदलून जातं, कोणी आल्टरनेटर, कोणी एखादा सेन्सर. आठ दिवस बरे जातात आणि नवव्या दिवशी सुपरवायझरचा फोन येतो, “भाऊ, परत तेच.”

कळंबोलीत राहून मी हीच कामं करतो. तळोजा एमआयडीसी, उलवे, शिळफाटा, कधी घोडबंदर रोड, जिथे मशीन उभं असेल तिथे. इथला पावसाळा आणि खाडीची खारी हवा यांच्यामुळे आमच्या धंद्याला मरण नाही. तरी सांगतो, यातली निम्मी मशीनं बॅटरीमुळे बंद पडलेली नसतात.

एक केस सविस्तर सांगतो, कारण तिच्यात मीही एकदा फसलो होतो.

उलव्याच्या पलीकडे एका प्लॉटवर २० टनी एक्सकॅव्हेटर होता. साइटवर त्याला सगळे पोकलेनच म्हणतात, मग बनावट कुठलीही असो. बकेट काढून ब्रेकर लावलेला, खडक फोडायचं काम. सकाळी दोन तास मशीन छान चालायचं. नंतर ब्रेकर मारताना इंजिन गचके द्यायचं आणि बंद व्हायचं. बॅटऱ्या दोन महिन्यांपूर्वीच्या, आल्टरनेटर महिन्यापूर्वीचा. ऑइल प्रेशरचा सेन्सरही कोणीतरी बदलून गेलं होतं. त्याचा संबंध काय, ते बदलणाऱ्यालाच ठाऊक.

मी गेलो की हत्यारं काढण्याआधी दोन प्रश्न विचारतो. आतापर्यंत काय काय बदललं? आणि मशीनवर शेवटचं वेल्डिंग कधी झालं? दुसऱ्या प्रश्नाला ऑपरेटर म्हणाला, “बॅटरी बॉक्सचा पाय तुटला होता, तो जोडला. वरून रंगपण मारला, सुपरवायझर म्हणाले गंज नको.” हे मी डोक्यात ठेवलं.

कोड वाचताना होणारी गफलत

कोड आधी नीट वाचा. त्यात दोन नंबर असतात: एसपीएन सांगतो कोणत्या गोष्टीबद्दल तक्रार आहे, एफएमआय सांगतो तक्रार काय आहे. ‘लो’ शब्द दोन वेगळ्या अर्थांनी येतो आणि तिथेच लोक घसरतात.

एसपीएन १६८ म्हणजे बॅटरीकडून येणारा पुरवठा, १५८ म्हणजे चावीकडून येणारा. त्यांच्यासोबत एफएमआय १, १७ किंवा १८ असेल तर पुरवठा खरोखर खाली जातोय. किती गंभीर, एवढाच त्या तिघांत फरक: १७ सर्वांत सौम्य, १ सर्वांत वाईट. एफएमआय ४ चा अर्थ मात्र सिग्नलच्या तारेवरचं व्होल्टेज नको तितकं खाली आहे किंवा तार खालच्या बाजूला शॉर्ट आहे. तो कोड सेन्सरवर आला तर बॅटरीकडे बघायचं कारणच नाही.

ऑइल प्रेशरचा एसपीएन १००. त्याच्यासोबत एफएमआय ४ असेल तर वायरिंग किंवा सेन्सर बघा. पण १०० सोबत १ असेल तर ऑइलचं प्रेशर खरंच पडलेलं असू शकतं. तेव्हा इंजिन बंद करा, डिपस्टिक बघा, मेकॅनिकल गेज लावा. ‘इलेक्ट्रिकचंच असेल’ म्हणून मशीन रेटत राहिलेल्यांची इंजिनं खोललेली मी बघितली आहेत. काही मशीनच्या डिस्प्लेवर कंपनीचा स्वतःचा नंबर येतो. तिथे मॅन्युअलमधून एसपीएन आणि एफएमआय काढून घ्या, मग पुढे जा.

आमच्या मशीनवर १६८ आणि १८ होता. म्हणजे इसीएमला, इंजिनच्या कॉम्प्युटरला, पुरेसं व्होल्टेज पोचत नव्हतं. हा कोड इसीएमने स्वतःच्या दारात मोजलेल्या व्होल्टेजवरून येतो. बॅटरीपासून त्या दारापर्यंत दोन केबल, फ्यूज, मास्टर स्विच, रिले, सात-आठ लग (केबलच्या टोकाला बोल्टने आवळायची धातूची कडी) आणि एक बॉडी अर्थ (चेसिसमधून बॅटरीच्या मायनसकडे करंट परत येण्याची वाट) लागतात. बॅटरी त्या रांगेत फक्त पहिली उभी असते.

मीटर कुठे फसवतो

बॅटरीवर मीटर लावला: २५.२. दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये, पूर्ण भरलेल्या आणि आराम केलेल्या असतील तर २५.२ ते २५.४ येतं. २४.४ च्या आसपास त्या अर्ध्या उतरलेल्या असतात. इंजिन चालू केलं, आल्टरनेटर बॅटरीवर २७.९ देत होता. २७.५ ते २८.५ मध्ये असलं की मी त्याला त्रास देत नाही. इसीएमचा कपलर, म्हणजे तारांचा जोड, काढून पुरवठ्याच्या पिनांवर मोजलं तर २५.१. सगळं ठाकठीक.

आधीचे मिस्त्री इथेच थांबले होते. मोकळ्या तारेवर मीटर लावला की मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. केबलचे पन्नास धागे तुटून एक उरला असेल तरी त्या एका धाग्यातून मीटरला पूर्ण व्होल्टेज दिसतं. नळाला थेंबभर पाणी येत असलं तरी तोटी बंद असताना पाइपात प्रेशर असतंच, तसं हे. तोटी उघडल्यावर किती पाणी येतं ते बघायचं.

म्हणून माझ्या पिशवीत हेडलाइटचा २४ व्होल्ट ७० वॉटचा एक बल्ब असतो, होल्डरला दोन तारा जोडलेला. हा बल्ब साधारण ३ अँपिअर खेचतो. तो इसीएमच्या कपलरवर पुरवठा आणि अर्थ यांच्या मध्ये लावला. बल्ब पेटला, पण पिवळट. मीटर २२.५. बॅटरीवर त्याच वेळी २५.२. म्हणजे २.७ व्होल्ट वाटेत गळत होते.

पिनमध्ये मीटरची जाड सुई खुपसू नका. खाचेची (फीमेल) पिन फाकते आणि मग तिथेच नवीन लूज कनेक्शन तयार होतं. त्या मापाची पिन तारेला लावून वापरा. तारेच्या रबरात सुई टोचून बघायची सवयही सोडा. आपल्याकडच्या हवेत त्या भोकातून पाणी शिरतं आणि दोन पावसाळ्यांनी आतलं तांबं हिरवं पडून भुगा होतं. बाहेरून तार नवी कोरी दिसते.

गळती कुठली, हे आता दोन मापांत कळतं. बल्ब पेटलेलाच ठेवायचा. मीटरची एक तार बॅटरीच्या प्लसवर, दुसरी इसीएमच्या प्लस पिनवर: ०.२ व्होल्ट. चालेल. मग एक तार बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इसीएमच्या अर्थ पिनवर: २.५. सापडला चोर. बल्बावरचे २२.५, प्लसकडचे ०.२, अर्थकडचे २.५, बेरीज २५.२. हा हिशोब जुळला पाहिजे. जुळला नाही तर कुठेतरी माप चुकलंय, परत घ्या.

मग अर्थच्या वाटेवर मीटरची तार एकेक ठिकाण पुढे सरकवत गेलो. बॅटरीची खुंटी आणि तिच्यावरची क्लॅम्प यांच्या मध्ये काही नाही. केबलच्या दोन टोकांत काही नाही. लग आणि चेसिसचं उघडं लोखंड यांच्या मध्ये २.४. बॅटरी बॉक्समागे नवा पिवळा रंग मारलेला, आणि त्या रंगाखाली बोल्टसकट लग. १७ च्या पान्याने बोल्ट खोलला. लगच्या खाली, जिथे लोखंड चकचकीत हवं, तिथेही रंगाचा थर होता. वेल्डिंगवाल्याने लग काढली, जोडकाम केलं, सगळीकडे रंग मारला आणि लग परत त्या रंगावर आवळली. करंट जात होता तो फक्त बोल्टच्या आट्यांतून, आणि त्या आट्यांवर खाडीच्या हवेने हिरवट-पांढरी पूड धरली होती. बोल्ट खोलण्याआधी हातोडीच्या दांड्याने तिथे हलके ठोकलं होतं, तेव्हा बल्ब मिणमिणला आणि मीटर १६ वर उतरला. ब्रेकर मारताना मशीन का बंद पडतं, हे तिथल्या तिथे कळलं.

पॉलिश पेपरने लोखंड आणि लग घासली, बोल्ट बदलला, लग थेट लोखंडावर आवळली आणि मग वरून ग्रीस लावलं. रंग मारायचाच तर तो जोड आवळल्यानंतर, आधी नाही. परत बल्ब लावला: २४.९. बिल दिलं, गव्हाण फाट्याला चहा घेतला आणि घरी आलो.

अर्थच्या बाबतीत आणखी एक जागा लक्षात ठेवा. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे चेसिसपासून तुटलेलं. त्याला चेसिसशी जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी असते. इंजिन उतरवून परत चढवलं की ती पट्टी बऱ्याचदा गाळात पडून राहते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मग सेल्फचा शेकडो अँपिअरचा करंट परतीची वाट शोधत सेन्सरच्या बारीक तारांतून, नाहीतर रेसच्या केबलमधून धावतो. सेल्फ मारताना रेसची केबल गरम लागली तर आधी ती पट्टी बघा.

सेल्फसाठी मीटरच्या कंटिन्युइटीच्या बझरवर, म्हणजे तार जोडलेली असली की वाजणाऱ्या शिट्टीवर, अजिबात विश्वास ठेवू नका. केबलमध्ये ०.०१ ओहम वाढला तर साध्या मीटरला तो दिसतही नाही, मीटरच्या स्वतःच्या तारांमध्येच त्याहून जास्त ओहम असतात. पण सेल्फने ४०० अँपिअर मागितले की त्या ०.०१ ओहमवर ४ व्होल्ट जातात, आणि दीड किलोवॉटच्या वर उष्णता त्या एका लगमध्ये. तेव्हा सेल्फ मारतानाच मोजा. बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत १ व्होल्टच्या आत, बॅटरीच्या मायनसपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत अर्ध्या व्होल्टच्या आसपास. त्यापेक्षा जास्त आलं तर दहा सेकंद सेल्फ मारल्यावर जपून लगांवर हात फिरवा. जी गरम, ती खराब. मीटर नसेल तरी हे जमतं.

तीन आठवड्यांनी परत फोन

सुपरवायझरचा आवाज थोडा चढाच होता. मशीन चालू असताना बंद पडत नव्हतं, पण सकाळी सेल्फ जड फिरत होता आणि कोड तोच, १६८.

गेलो. बॅटरीवर मीटर, २४.५. जरा कमी, पण रात्रभर उभं मशीन, चालतं म्हणून पुढे गेलो असतो. सवयीने दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या. वरची १२.८. खालची, म्हणजे जिचं मायनस बॉडीला असतं ती, ११.७. बेरीज बघून मी पहिल्या दिवशी पुढे गेलो होतो, तेव्हाही एकेक बॅटरी मोजायला हवी होती. आळस केला.

केबिनमध्ये डोकावलो तर ऑपरेटरच्या डोक्यावर छोटा पंखा, सीटमागे स्पीकर, दोन मोबाइल चार्जिंगला. सगळं १२ व्होल्टचं. ते २४ च्या मशीनवर चालवायला कोणीतरी दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडातून तार काढली होती. म्हणजे सगळा भार एकट्या खालच्या बॅटरीवर. उन्हात पत्र्याच्या केबिनमध्ये दहा तास बसणाऱ्या माणसाने पंखा लावू नये असं मी म्हणणार नाही. पण तार चुकीच्या ठिकाणाहून निघाली होती.

आल्टरनेटर दोन्ही बॅटऱ्यांना मिळून २८ व्होल्ट देतो, कोणाला किती ते तो ठरवत नाही. खालची सारखी उतरलेली, म्हणून तिच्यावर कमी व्होल्टेज राहतं. वरची भरलेली, तिच्यावर उरलेलं सगळं चढतं. इंजिन चालू करून मोजलं: खालची १२.९, वरची १५.१. खालची कधी पूर्ण भरतच नाही, वरचीचं पाणी उकळून आटतं. वरचीची झाकणं उघडली तर दोन सेलमध्ये प्लेटा उघड्या पडलेल्या. दोन महिन्यांच्या बॅटऱ्या अशाने दोघी जातात, एक उपाशी राहून आणि एक अजीर्ण होऊन. दुकानदार मात्र म्हणतो, “शेठ, तुमचं चार्जिंग खराब आहे,” आणि नवा आल्टरनेटर खपतो.

मालक म्हणाले, खालची एकच बदला. नाही. सिरीजमध्ये जुनी-नवी जोडी लावली की तोच खेळ पुन्हा सुरू होतो. एकाच बनावटीच्या, एकाच अँपिअरच्या, एकाच वेळी घेतलेल्या दोन्ही हव्यात. आम्ही आधी त्या दोन्ही काढून वेगवेगळ्या चार्जरवर भरल्या. वरची पाणी घालून सावरली, खालची सावरली नाही, तेव्हा जोडी बदलली. मधल्या जोडातली तार कापली आणि २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवला, पुढे फ्यूजसह. नव्या बॅटरीच्या किमतीपुढे तो काहीच नाही.

सेन्सरवर एफएमआय ४ असेल तर

इथे बॅटरी बाजूला ठेवा. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर, एसपीएन ११०, दोन तारांचा असतो. कपलर काढा आणि चावी ऑन करा. कोड ४ चा ३ (व्होल्टेज नको तितकं वर) झाला तर तार शाबूत आहे, सेन्सर आतून शॉर्ट. कपलर काढूनही ४ राहिला तर तार कुठेतरी बॉडीला घासली आहे, सेन्सरचे पैसे वाचवा. तीन तारांच्या प्रेशर सेन्सरला हा नियम डोळे झाकून लावू नका. काही बनावटीत कपलर मोकळा असला तरी ४ च दाखवतो.

तीन-चार सेन्सरचे कोड एकदम आले, किंवा एसपीएन ३५०९ किंवा ३५१० दिसला, तर समजा की सेन्सरांना जाणारे ५ व्होल्ट पडलेत. चार सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत. गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रोडवर गायमुखच्या बाजूला एका ट्रान्झिट मिक्सरचे असे तीन सेन्सर बदलून झाले होते. चावी ऑन, इंजिन बंद ठेवून एका सेन्सरच्या कपलरवर मीटर लावला, तर ५ च्या जागी ०.९. मीटर तसाच ठेवून पोऱ्याला त्या लाइनवरचे बाकीचे कपलर एकेक काढायला सांगितले. टर्बोच्या प्रेशर सेन्सरचा काढला तरी ०.९ च. मग त्या सेन्सरकडे जाणारा हार्नेस, तारांचा जुडगा, ब्रॅकेटपासून उचलून धरला आणि मीटर ४.९८ वर गेला. पत्र्याच्या धारेवर तार सोलली होती. थोडं इन्सुलेशन, नवी कन्ड्यूट, एक टाय. मिक्सरमधलं काँक्रीट वेळेत खाली झालं, हे महत्त्वाचं.

उरलेलं भराभर सांगतो.

डिस्प्लेवर निम्मी माहिती गायब आणि चित्रविचित्र कोड असतील तर मास्टर स्विच बंद करा आणि नऊ पिनांच्या डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये सी आणि डी पिनांत ओहम मोजा. ६० आले तर कॅनच्या, म्हणजे मशीनमधले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या, तारा बऱ्या. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर गेला किंवा वाटेत तार तुटली. ४० आले तर तिसरा रेझिस्टर कोणीतरी जोडलाय, बहुधा जीपीएस बसवणारा.

आल्टरनेटर आयडलला चार्ज करत नाही आणि रेस दिली की करतो, तर डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवा चावी ऑन केल्यावर पेटतो का ते बघा. बऱ्याच जुन्या मशीनवर आल्टरनेटरला जागं करणारा करंट त्याच दिव्यातून येतो. मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर मोजा, अर्ध्या व्होल्टच्या वर एसी आलं तर डायोडवर संशय घ्या.

इंजिन चालू ठेवून बॅटरीची केबल काढायची आणि ‘बंद पडलं नाही म्हणजे आल्टरनेटर ओके’ म्हणायचं, ही जुनी ट्रिक काही जण आजही करतात. पूर्वीच्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात ती खपून जायची. आताच्या मशीनवर केबल काढताक्षणी व्होल्टेज उसळतं आणि इसीएम जाऊ शकतो. तुमच्यासमोर कोणी तसं करायला लागलं तर त्याचा हात धरा. चालू इंजिनवर मास्टर स्विच बंद करण्याचंही तेच. आणि वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या केबल आणि इसीएमचे कपलर काढा, वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावा.

मशीन धुताना प्रेशरचा पाइप कपलरांवर मारू नका, हे मी प्रत्येक साइटवर सांगतो आणि प्रत्येक साइटवर तो मारलेला दिसतो. कपलर उघडून आत पाणी किंवा हिरवटपणा दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, हवेने सुकवा, रबरी सील जागेवर आहे का बघा. कपलरात ग्रीस ठासून भरू नका. सील ओलसर होण्यापुरतं पुरे.

उलव्याच्या त्या मशीनवर गेल्या महिन्यात दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो. इंजिन चालू करून दोन्ही बॅटऱ्या मोजल्या, १४.० आणि १४.० आल्या. कन्व्हर्टरवर पंखा चालू होता. स्पीकर इतक्या जोरात लावला होता की ऑपरेटरला माझी हाक ऐकू गेली नाही.